विषय: ठाण्याच्या घरातले कॉम्प्युटरचे सुटे भाग

मंडळी, नमस्कार.
घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर मदरबोर्ड, रॅमच्या ४ पट्ट्या, एसएसडी (डेटा साठवायची ड्राइव्ह) आणि लॅपटॉपची बॅटरी पडून आहे. सगळं मूळ खोक्यांत. जुलैत ८ दिवस तिकडे जातोय, तेव्हा खोक्यांसकट हवाबंद डब्यात भरून टाकू का?

—
पुन: विषय तोच

खोक्यांसकट तर मुळीच नको. २० लिटरच्या डब्यातल्या दमट हवेत पाणी जेमतेम अर्धा ग्रॅम. पण अर्धा किलो पुठ्ठा पावसाळ्यात पन्नासेक ग्रॅम पाणी पिऊन बसतो. झाकण लावलंत की तेच आत कोंडणार. खोकी, मॅन्युअल, रद्दी सगळं बाहेर काढा. खरं तर हे काम जानेवारीचं, हवा कोरडी असते तेव्हाचं. जुलैतच करायचं तर खोलीत एसी लावून भाग दिवसभर उघडे ठेवा आणि तिथेच भरा.

बोर्ड नि रॅम चंदेरी अँटीस्टॅटिक पिशवीत. गुलाबी पिशवी स्वतः स्टॅटिक (घर्षणाने साठणारी वीज) धरत नाही एवढंच, बाहेरचा झटका अडवत नाही. सोबत १०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. दाणे हिरवे पडले की ओल भरली, मग सुकवायला ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं.

—
पुन: पुन:

एक भर. एसीने हवा कोरडी झाली की स्टॅटिक वाढतं. बोर्ड हाताळण्याआधी अर्थिंग असलेल्या कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. प्रोसेसर काढलेला असेल तर त्याच्या सॉकेटवर (बोर्डवरच्या बसायच्या जागेवर) झाकण हवंच. पिना वाकल्या की बोर्ड गेला म्हणून समजा. बोर्डवरचा नाण्यासारखा सीआर २०३२ सेल काढून ठेवा, नाहीतर बोर्डचं घड्याळ चालवण्यातच संपेल.

बॅटरी या डब्यात नको. साधारण ५० टक्के चार्ज करून, टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळी ठेवा, दर ३ महिन्यांनी कुणाला तरी बघायला सांगा. फुगली असेल तर दाबू-टोचू नका, ई-कचऱ्यात द्या.

एसएसडीवर फोटोंची एकमेव प्रत असेल तर आधी ती दुसरीकडे उतरवा. वापरून झिजलेली एसएसडी विजेशिवाय उष्ण जागी पडून राहिली की डेटा विसरते, आणि मे महिन्यातला माळा म्हणजे भट्टीच.

—
पुन: पुन: पुन:

आभार. मग डबा कपाटात ठेवतो. बेडरूममधलं चालेल?

—
चालेल, पण पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर नको. पावसाची झड तिकडूनच येते, आणि कपाटामागची ओल कुणाला दिसत नाही.