देवबागच्या खाडीतला इंजिनांचा कर्कश आवाज : लगाम घालायचा की सहन करायचा?

कर्लीकाठ :
मालवणजवळचं देवबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तारकर्ली ओलांडून खाली आलं की गाव जिभेसारखं पुढे गेलंय. पश्चिमेला दर्या, पूर्वेला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी आणि टोकाला संगम. संगमापाशी वाळूचं बेट आहे, सगळे त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. जेट स्की, बंपर राईड, बनाना राईड, सगळा गजबजाट तिथे. आमचं घर नदीच्या अंगाला. चार खोल्या पर्यटकांना देतो. म्हणजे माझंही पोट पर्यटनावरच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मला बोलायचंय ते आवाजाबद्दल. दिवाळी ते मे रोज सकाळी साडेसातच्या सुमारास पहिलं इंजिन सुरू होतं आणि अंधार पडेपर्यंत थांबत नाही. साध्या फेरीच्या होडीचा आवाज मला कधीच खुपला नाही. ती येते, जाते. खुपते ती घरासमोर पाच-पाच मिनिटं गोल घिरट्या घालणारी जेट स्की, आणि कव्हर काढून चालवलेलं औटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावलेलं इंजिन. ओट्यावर पाण्याचा तांब्या आणि त्यावर पेला उपडा ठेवलेला असतो, तो थरथरून किणकिणतो. हे मी रोज बघतो.

माझे बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पन्नास वर्षं त्यांनी या नदीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकला. शेवटे नावाचे मासे पाण्यावर उडी मारतात, त्या आवाजावरून त्यांना अंधारात कळायचं की मासा कुठल्या बाजूला आहे. परवा ते ओट्यावर बसून म्हणाले, "पैलां मासो उडलो काय कळा, आता कायेक आयकाक येणा नाय." त्यांचे कान चांगले आहेत. मला ते वाक्य फार लागलं, म्हणून हा धागा.

मी बंदी मागत नाही. वस्तीसमोरून जाताना वेग कमी, सकाळी नऊच्या आधी आणि सूर्य मावळल्यावर जोराच्या राईड नाहीत, आणि इंजिन उघडं टाकून चालवायचं नाही, एवढंच मागणं आहे. इथे दोन्ही बाजूंचे लोक आहेत, मोकळेपणाने लिहा.

संगमवाला :
भाऊ, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. माझे वडीलही रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) होते, म्हणून दुसरी बाजू मांडतो. रापण बुडवली कोणी? जेट स्कीने नाही. अख्खा थवा वेढून घेणाऱ्या पर्ससीन नेटवाल्यांनी आणि रात्री एलईडीचे झोत टाकून मासा ओरबाडणाऱ्यांनी. पर्ससीनवर राज्याने 2016 साली निर्बंध आणले, एलईडी मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, तरी आमच्या किनाऱ्यावर मासा किती लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा आमच्यासारखी पोरं मुंबईला जाऊन वॉचमन व्हायची. आज तीच पोरं गावात राहून होडी चालवतात, रेस्क्यू करतात, घर बांधतात.

आमचा सीझन किती? पाऊस आला की सगळं बंद. उरलेल्या आठ महिन्यांत सुट्ट्या आणि शनिवार-रविवार धरून खरे कमाईचे दिवस मोजके. त्यातले सकाळचे दोन तास तुम्ही काढून घेणार. भरती-ओहोटी आमच्या घड्याळावर चालत नाही. बेट उघडं पडतं तेव्हाच धंदा. ओहोटी सकाळी सातला असेल तर नऊपर्यंत गिऱ्हाईक हॉटेलात बसवून ठेवू?

आणि एक विचारतो. तुमच्या खोल्यांत येणारे पाहुणे कशासाठी येतात? त्यातले निम्मे तरी माझ्याकडे राईडला येतात. तुम्हीच फोन करून पाठवता.

कर्लीकाठ :
पाठवतो, हे खरं आहे. पण मागच्या मे महिन्यात एक कुटुंब दोन रात्रींचं बुकिंग सोडून एका रात्रीत गेलं. सात महिन्यांचं बाळ होतं, दुपारी झोपेना. त्यांनी भांडण केलं नाही, पैसेही परत मागितले नाहीत. नुसतं म्हणाले, "पुन्हा आलो तर आत कुठेतरी राहू." ते मला भांडणापेक्षा वाईट वाटलं.

ओहोटीचा मुद्दा मात्र बरोबर आहे. तो माझ्या डोक्यात आला नव्हता.

पुण्याचा_भटक्या :
मी वर्षातून एकदा तरी मुलांना घेऊन तारकर्लीला जातो. स्पष्टच लिहितो, धागाकर्त्याशी असहमत. आम्ही आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम करतो आणि रात्रभर गाडी चालवून तिथे येतो ते मुलांना पाण्यावर ओरडू द्यायला. माझी मुलगी पहिल्यांदा जेट स्कीवरून उतरली तेव्हा तिचा चेहरा मी विसरणार नाही. शांतता हवी असलेल्यांना समोर भोगवे आहे, निवती आहे, अख्खं कोकण आहे. एक जागा तरी दंग्याला असू द्या.

कर्लीकाठ :
दादा, तुमच्या मुलीचा आनंद मला हवाच आहे. पण "शांतता हवी त्यांनी भोगव्याला जावं" हे पर्यटकाला सांगता येतं. माझ्या बाबांना कुठे पाठवू? ते इथेच जन्मले.

डेसिबल :
पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, बरीच वर्षं इंजिनांच्या आवाजावर काम केलंय. थोडं तांत्रिक लिहितो, कारण "आवाज फार होतो" एवढ्यावर वाद पुढे सरकत नाही.

पाण्याचा सपाट पृष्ठभाग आवाज शोषत नाही, परतवतो. मध्ये झाड नाही, भिंत नाही. त्यात सकाळी वारा पडलेला असतो, आणि पाण्यालगतची हवा गार व वरची उबदार असली की वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. म्हणून पलीकडच्या काठावरचं बोलणंही पहाटे स्वच्छ ऐकू येतं. समुद्राच्या बाजूला लाटांचाच आवाज एवढा असतो की इंजिन त्यात बुडून जातं. नदीच्या बाजूला लाट नाही. एकच जेट स्की देवबागच्या दोन अंगांना वेगवेगळी ऐकू येते ती यामुळे.

दुसरं, जेट स्कीचा आवाज मोठा असण्यापेक्षा सारखा बदलता असतो. ती पाण्यावर बसून चालते तेव्हा एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर सोडणारा पाईप) पाण्याखाली दबलेला असतो. उडी मारली की पंपात हवा शिरते, इंजिनावरचा भार एकदम जातो, ते किंचाळतं, एक्झॉस्टही पाण्याबाहेर येतो. मग पुन्हा धप्प आणि भुर्रर्र. संथ घरघरीची कानाला सवय होते, या चढउताराची होत नाही.

आता आकडे. युरोपात 2013 च्या नियमानुसार 40 किलोवॉटवरच्या एका इंजिनाच्या बोटीला 75 डेसिबलची मर्यादा आहे, 25 मीटरवरून मोजलेली. आजची जेट स्की याच गटात येते. अंतर दुप्पट झालं की ढोबळ मानाने 6 डेसिबल कमी होतात. म्हणजे 50 मीटरवर 69, 100 वर 63, 200 वर 57. आपल्याकडे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 ही मर्यादा आहे. तेव्हा चांगल्या स्थितीतली जेट स्कीसुद्धा जोरात चालवायची तर घरापासून अडीचशे मीटर लांब हवी. उघड्या इंजिनाची गोष्टच सोडा.

पण हेही सांगतो की आपली ही मर्यादा ठरावीक वेळेच्या सरासरीवर मोजतात. दहा मिनिटांत एकदा किंचाळून गेलेली जेट स्की सरासरीत सहज विरून जाते. कागदावर नियम पाळला जाईल आणि बाळ तरीही जागं होईल. म्हणून निव्वळ मीटर घेऊन भांडण्यापेक्षा अंतर आणि वेग ठरवणं जास्त उपयोगाचं.

संगमवाला :
डेसिबल साहेब, एवढं समजावून कोणी सांगितलं नव्हतं. पण देवबागची नदी बघितली आहे का? बऱ्याच जागी काठापासून अडीचशे मीटर धरले तर तुम्ही समोरच्या काठाच्या जवळ गेलात. तिथेही घरं आहेतच. म्हणजे तुमच्या हिशोबाने नदीत जोराची राईडच नको.

डेसिबल :
नदीत नको, असंच म्हणणं आहे. बेटाच्या समुद्राकडच्या अंगाला न्या.

संगमवाला :
समुद्राकडे लाट उसळली की नवशिक्या गिऱ्हाईकाला कसं नेणार? नदीत पाणी संथ असतं म्हणून तर राईड सुरक्षित होते. उद्या कोणी बुडालं तर आवाजाबद्दल कोणी विचारणार नाही. माझ्या नावाने ओरडतील.

विंडरमिअरकडून :
मूळचा वेंगुर्ल्याचा, हल्ली इंग्लंडच्या उत्तरेला राहतो. इथलं विंडरमिअर हे इंग्लंडातलं सर्वांत मोठं सरोवर. तिथे पॉवरबोट आणि वॉटर स्कीइंगचं मोठं केंद्र होतं आणि हाच वाद अनेक वर्षं चालला. सार्वजनिक चौकशी झाली, सरकारने एकदा प्रस्ताव फेटाळला, मग 2000 साली ताशी 10 सागरी मैलांची मर्यादा मंजूर केली. लोकांना सावरायला पाच वर्षं दिली आणि मार्च 2005 पासून ती लागू झाली. ताशी 10 सागरी मैल म्हणजे साधारण 18 किलोमीटर. आज तिथे इंजिनाच्या फेरीबोटी भरभरून चालतात, पर्यटकांची रीघ आहे. इंजिनावर बंदी नाही, वेगावर आहे. आवाज वेगाबरोबर आपोआप उतरला.

शेजारच्या कॉनिस्टनवर तर वेगाच्या विक्रमांची परंपरा. डोनाल्ड कॅम्पबेल जानेवारी 1967 मध्ये विक्रमाच्या प्रयत्नात तिथेच अपघातात मेला. त्या सरोवरालाही वेगमर्यादा आहे, पण नोव्हेंबरात एक आठवडा विक्रमांसाठी ती उठवतात. गावाला तारखा आधी माहीत असतात. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

संगमवाला :
पाच वर्षं दिली, हे तुम्ही सहज लिहून गेलात. मला तोच मुद्दा सगळ्यांत मोठा वाटतो. आमच्याकडे बंदी आली तर सोमवारी पत्र आणि मंगळवारी होड्या जप्त. बँकेचा हप्ता कोण भरणार? आणि तिथले वॉटर स्कीवाले कुठे गेले हेही सांगा. त्यांचा धंदा बसलाच ना?

विंडरमिअरकडून :
काहींचा बसला. खोटं कशाला सांगू? विरोधही कडवा झाला होता. पाच वर्षांची मुदत न्याय्य होती आणि ती इथेही मिळायला हवी, यात तुमच्याशी सहमत.

कांदळ :
डॉल्फिनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. संगमाबाहेर आणि निवतीच्या बाजूला जे डॉल्फिन दाखवतात ते हंपबॅक डॉल्फिन, उथळ पाण्यात किनाऱ्यालगत राहणारे. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. ते आवाजाने वाट काढतात, आवाजाने मासा शोधतात, एकमेकांना शिट्ट्या घालतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने, आणि दूरवर पोचतो. मागच्या डिसेंबरात आमच्या होडीच्या पुढे एक मादी पिल्लू घेऊन होती. तीन बाजूंनी पाच होड्या आल्या, सगळ्या पूर्ण जोरात. ती दोनदा वर आली, मग दिसलीच नाही. आमचा होडीवाला स्वतः इंजिन बंद करून हळूच म्हणाला, "वायच थांबा, भियाली ती." त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

माझं मत, डॉल्फिन दिसले की इंजिन न्यूट्रलला आणि एका वेळी दोनच होड्या. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा बचत गट वल्हवायच्या होडीतून कांदळवन दाखवतो. तासभर नुसता वल्ह्याचा आवाज. लोक पैसे देऊन तेवढ्यासाठी येतात.

संगमवाला :
ताई, डॉल्फिनबद्दल मान्य. पाठलाग करणाऱ्यांना आमच्यातही शिव्या बसतात. पण इथून पुढे अभयारण्य हा शब्द येणार, म्हणून आधीच सांगतो. 1987 साली मालवणच्या समुद्रात अभयारण्य जाहीर केलं, तेव्हा मच्छीमारांना विचारलं नव्हतं. ती जखम अजून भरलेली नाही. बाहेरून येऊन निसर्ग वाचवायला सांगणाऱ्यांची आम्हाला भीती वाटते, तिला कारण आहे.

कांदळ :
भीती समजते. मी बाहेरची नाही, शिरोड्याची आहे. आणि मला सरकारी फलक नकोच आहे, होडीवाल्यांनी आपापसात ठरवलेलं हवं.

सडेतोड :
सगळं वाचलं. गावात लग्नाचा डीजे रात्री बारापर्यंत वाजतो तेव्हा हे 55 डेसिबल कुठे असतात? होडीवाला गरीब, म्हणून त्याच्यावर नियम. शिवाय नियम आला की पाण्यावर तो तपासणार कोण? परवाना देणारं मेरिटाईम बोर्ड रोज खाडीत माणूस उभा करणार आहे का? नियमाच्या नावाखाली हप्ते सुरू होतील, बाकी काही नाही.

कर्लीकाठ :
डीजेलाही माझा विरोध आहे आणि गावात तो बोलून दाखवला आहे. त्यावरून दोन घरं आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत. पण डीजे वर्षातले काही दिवस, हे आठ महिने.

तपासण्याचं म्हणाल तर म्हणूनच मी कुठल्या ऑफिसात अर्ज न देता आधी इथे लिहिलं. होडी कोणाची, चालवतो कोण, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. खांब रोवून लाल बावटे लावले की इथून हळू, हे कळायला माणूस लागत नाही.

संगमवाला :
काल रात्री हा धागा आमच्या पोरांना वाचून दाखवला. एकाने कबूल केलं की सीझनभर तो कव्हर काढूनच चालवतो. इंजिन तापतं म्हणून. मी म्हटलं, तापतं तर पाण्याची लाईन साफ कर, पाणी खेचणारं चक्र (इंपेलर) बदल, कव्हर काढून काय होणार? माझ्या तीन होड्यांवर उद्यापासून कव्हर लागलेलं असेल, हे माझ्याकडून. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही.

वस्तीसमोर हळू, हे जमेल. घिरट्या बेटाच्या पलीकडे नेऊ, पाणी शांत असेल त्या दिवशी. सकाळी नऊची अट मात्र मान्य नाही. भरतीचं कोष्टक बघून ठरवू या. रविवारी संध्याकाळी सहाला जेटीवर या. डेसिबल साहेबांना मीटर घेऊन यायचं असेल तर जेवण माझ्याकडे.

डेसिबल :
येतो. फोनवरचं ॲप चालणार नाही, तपासून घेतलेला मीटर आणतो. होडी कव्हरसकट आणि कव्हरशिवाय, दोन्ही मोजू. ओट्यावरूनही मोजू.

कर्लीकाठ :
रविवारी येतो. नऊच्या जागी भरतीप्रमाणे वेळ ठरवायला तयार आहे, पण आठच्या आधी नको. सूर्यास्तानंतरची अट मी सोडणार नाही, ती वेळ बाबांची आहे. त्यांनाही घेऊन येईन. तुमच्या वडिलांना ते ओळखतात म्हणाले, एका रापणीवर होते दोघे.