मदत हवी आहे: जीटीके ३ वरून ४ वर पोर्टिंग, मिडटर्मला माइलस्टोन कोणता ठेवू?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा गूगल समर ऑफ कोडसाठी (नवख्यांना मुक्त-स्रोत प्रकल्पांत काम देणारा गूगलचा उपक्रम) अर्ज करतोय. घरखर्चाचा हिशेब ठेवणारं, सी भाषेतलं एक जुनं डेस्कटॉप ॲप आहे. जीटीके या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीची ४ ही आवृत्ती डिसेंबर २०२० मध्येच आली, हे ॲप मात्र अजून ३ वर आहे. ते ४ वर न्यायचं (पोर्टिंग). ३५० तासांचं काम, १२ आठवडे. रंगपंचमीची गेर (मिरवणूक) आटोपली आणि अर्जाची मुदत डोक्यावर आली. मेंटॉरचं (प्रकल्पातल्या मार्गदर्शकाचं) म्हणणं एकच: ‘माइलस्टोन (कामाचा टप्पा) असा हवा की मला माझ्या मशीनवर चालवून बघता आला पाहिजे.’

तिथेच गाडी अडलीय. जीटीके ३ आणि ४ एका प्रोसेसमध्ये एकत्र नांदत नाहीत, त्यामुळे अर्ध्या खिडक्या जुन्या, अर्ध्या नव्या असं जमत नाही. मेसनच्या (कोडपासून ॲप तयार करणाऱ्या, म्हणजे बिल्डच्या साधनाच्या) फाइलीत आवृत्ती बदलली की एररची रांग लागते, आणि शेवटची एरर जाईपर्यंत ॲप उघडतच नाही. मग मिडटर्मला (मधल्या मूल्यमापनाला) दाखवू काय? ‘निम्म्या एरर गेल्या’ याला मी माइलस्टोन म्हणणार नाही. आणि तिथे नापास झालो तर प्रकल्प तिथेच संपतो.

जीटीके ४ मध्ये कंटेनर ॲड (एका घटकात दुसरा घटक घालायचं फंक्शन) गेलं, त्याजागी प्रत्येक विजेटचं (खिडकीतल्या घटकाचं) आपलं फंक्शन आलं. कंटाळवाणं काम, पण सरळ. खरी धास्ती डायलॉग रनची, म्हणजे उत्तर येईपर्यंत कोड थांबवून ठेवणाऱ्या फंक्शनची आहे. आत्ता नोंद खोडायचं बटण दाबलं की ‘नक्की खोडायची?’ असा डायलॉग येतो, कोड तिथे थांबतो, होय म्हटलं की पुढच्या ओळीत नोंद जाते. ४ मध्ये हे थांबणंच काढून टाकलंय. नुसता डायलॉग दाखवून कोड पुढे गेला, तर माणसाने होय म्हणायच्या आधीच नोंद उडालेली असेल! लोकांचे वर्षानुवर्षांचे हिशेब आहेत हो त्यात. असे डायलॉग बरेच आहेत. त्यांना वेळ किती धरू?

शिवाय खर्चाची यादी ट्री व्ह्यूमध्ये (यादी दाखवणाऱ्या जुन्या विजेटमध्ये) आहे, तो ४.१० पासून डेप्रिकेटेड (चालतो, पण वापरू नका असं सांगितलेला). त्याचा नवा पर्याय कॉलम व्ह्यू याच प्रकल्पात घ्यावा का?

प्रतिसाद

आवृत्ती बदलायची घाई करू नका. तुमचं निम्मं काम जीटीके ३ वर राहूनच होतं. डायलॉग रन काढून रिस्पॉन्स सिग्नल (उत्तर आल्यावरच पुढचा कोड चालवायची सोय) लावणं ३ मध्येही चालतं. जुने मेनू काढून जीमेनू आणि ॲक्शन (मेनूची नवी पद्धत) आणणंही तसंच. हे सगळं मुख्य शाखेत (ॲपच्या मूळ कोडमध्ये) मर्ज होतं आणि ॲप रोज चालू राहतं. तेव्हा मिडटर्मचा माइलस्टोन असा लिहा: ॲप ३ वरच आहे, एकही डायलॉग रन उरलेला नाही, आणि डेप्रिकेटेड फंक्शनं बंद करूनही बिल्ड होतंय. मेंटॉरला नोंद खोडून बघता येईल, आणि पुढे काही फिसकटलं तरी एवढं काम वाया जात नाही.

त्यानंतर आवृत्ती बदला. यूआय फाइलींसाठी (खिडक्यांची मांडणी यांत असते) जीटीके ४ च्या बिल्डर टूलमध्ये ३ चं ४ करायची सोय आहे, पण निकाल डोळ्यांखालून घाला. बाकीच्या खिडक्या बिल्डमधून तात्पुरत्या बाहेर ठेवून फक्त मुख्य खिडकी उघडणं हा पुढचा माइलस्टोन, मग एकेक खिडकी आत घ्या. ट्री व्ह्यू ४ मध्ये वॉर्निंग देत का होईना चालतो, म्हणून कॉलम व्ह्यू ‘वेळ उरल्यास’ या सदरात. डायलॉगना वेळ किती, ते अर्जाआधी एक बदलून बघितलात तरच कळेल.

धागाकर्ता

पटलं, मनापासून आभार. नोंद खोडायचाच डायलॉग आधी बदलतो आणि तो पॅच (कोडमधला बदल) अर्जाला जोडतो. आमच्या परीक्षा जूनमध्ये येतात, तेव्हा सुरुवातीचे आठवडे हलके ठेवून मेनूचं काम तिथे टाकलं तर चालेल का, हे मेंटॉरना आजच विचारतो.