एन्झाइम वाढले म्हणून व्होरिकोनाझोल लगेच बंद करू नका

हिपॅटायटिस-बीच्या रुग्णात अ‍ॅस्परजिलस (फुप्फुसातल्या बुरशीचा आजार) पुन्हा उलटला आणि एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम वाढले, तर व्होरिकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध थांबवायचे का, हा प्रश्न. आधी दोन तपासण्या एकाच दिवशी पाठवा: एचबीव्ही डीएनए (रक्तातल्या हिपॅटायटिस-बी विषाणूचे प्रमाण) आणि व्होरिकोनाझोलची रक्तातली पातळी. पातळीचे रक्त पुढच्या गोळीच्या अगदी आधी घ्यायचे, साधारण पाचव्या दिवशी. १ ते ५.५ मिग्रॅ/लिटर हवी. त्यापेक्षा जास्त असेल तर डोस कमी करा. डीएनए चढला असेल तर दोष बहुधा विषाणूचा.

सौम्य-मध्यम सिरोसिसमध्ये (यकृतात व्रण पडून ते कठीण होणे) सुरुवातीचा डोस नेहमीचाच, पुढचा मात्र निम्मा. गोळी जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर.

आजार उलटण्याचे आपल्याकडचे एक मोठे कारण म्हणजे रिफॅम्पिसिन हे क्षयाचे औषध. जुन्या क्षयाच्या पोकळीत बुरशी वाढते, थुंकीत जंतू न सापडताही पुन्हा क्षयाचे औषध सुरू होते आणि व्होरिकोनाझोलची पातळी जवळपास शून्यावर येते! ही जोडी देऊच नये. दुसरे कारण, खोकला थांबला की दोन महिन्यांत औषध सोडणे. या बुरशीच्या जुनाट प्रकाराला किमान सहा महिने लागतात.

आणि कृपा करून टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर ही हिपॅटायटिस-बीची औषधे ‘यकृताला विश्रांती’ म्हणून बंद करू नका, त्यानेच यकृत निकामी होऊ शकते.