मदत हवी आहे: लातूरहून संभाजीनगरला बिऱ्हाड हलवायचंय, खर्चाचा अंदाज तपासून द्या

मंडळी, दोन खोल्यांचं सामान आहे. नवं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाडं ९,०००, डिपॉझिट ३०,०००, करार ११ महिन्यांचा.

कराराचं गणित असं मांडलंय: भाड्याचे ९९,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरायचं व्याज २,७५०. या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे तीनशेच्या आतच. नोंदणी फी १,०००. एजंटाची फी यापासून वेगळी लिहून घ्यायची, नाहीतर सगळं एकाच आकड्यात दडपलं जातं. गॅसची अनामत इथे जुन्या दराने परत मिळेल आणि तिथे चालू दराने भरावी लागेल, तो फरकही धरलाय.

अडतंय ते टेम्पोवर. भाड्यात परतीची रिकामी फेरी आणि टोल धरलेला असतो का? हमाली मजल्याप्रमाणे की नगावर? सामानात लोखंडी पलंग, पत्र्याचा कूलर आणि ज्वारीची कोठी आहे. भरलेली कोठी उचलली की तळाचा सांधा उकलतो, म्हणून ज्वारी पोत्यांत काढावी लागेल, ५० किलोची चार पोती. ती हमाल वेगळी मोजतात का?

आणि पाणी! नळ रोज येत नाही. ५०० लिटरची टाकी आणि पहिल्या महिन्याचे टँकर यासाठी किती बाजूला काढावेत?

आकडा सांगताना गाडी छोटा हत्ती की चौदा फुटी, तेही कृपया लिहा.