मदत हवी आहे: पावसाळ्याचे चार महिने ड्रॅगन काय करतो?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात बसून एक फँटसी कादंबरी लिहितोय. जग काल्पनिक, पण भूगोल सरळ आपलाच उचललाय: गगनबावड्यासारखा घाट, मसाई पठारासारखे जांभ्याचे सडे, खाली उसाचं खोरं. अडलंय ते ड्रॅगनच्या स्वभावावर.

सोन्याच्या ढिगावर बसणारा नको, ते काम आपल्याकडे नाग करतोच. चिनी ड्रॅगनसारखा पाऊस आणणाराही नको. मला तो जनावर म्हणून हवाय. आणि जनावर म्हटलं की आधी पोट, मग स्वभाव.

उडण्याचा हिशेब क्वेट्झलकोॲटलस या डायनोसॉरच्या काळातल्या अवाढव्य उडत्या सरीसृपावरून घेतलाय: पंखांचा पसारा १० ते ११ मीटर, वजन अंदाजे २०० ते २५० किलो. लांबी दुप्पट केली की वजन आठपट आणि पंखांचं क्षेत्रफळ मात्र चौपटच, म्हणून याहून फार मोठा केला की गडी जमिनीवर. म्हणजे दाजीपूरचा गवा उचलून नेणं विसरा. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो. मारला तिथंच बसून खाणार. आगीसाठी बॉम्बार्डियर भुंगेरा आहे: पोटात दोन रसायनं वेगवेगळी, शत्रू दिसला की एकत्र, आणि १०० अंशांच्या आसपासचा फवारा. त्याची आग करायला गावकऱ्यांची तोंडं पुरेशी आहेत.

गोची जून ते सप्टेंबरची. ऊन नाही, सडे तापत नाहीत, वर चढणारी हवा नाही, मग तरंगणार कशावर? थंड रक्ताचा केला तर पडून राहील, आणि माझं युद्ध नेमकं श्रावणात. उष्ण रक्ताचा केला तर रोज खायला कुठून घालू?

प्रतिसाद १
भावा, खाली उतरव की त्याला. उसात बिबट्या पिल्लं घालतो, तोडणीला सापडतात. ड्रॅगनीण उसात अंडी घालेल.

प्रतिसाद २
उसात नको. २०१९ ला शेतात पाणी किती दिवस उभं होतं आठवतंय ना? अंडी कुजतील. त्यापेक्षा बंद पडलेलं गुऱ्हाळ घ्या. पावसाळ्यात चुलवाण थंड, वर छप्पर, आत कोरडी राख. तिथं कोण फिरकत नाही.

धागाकर्ता
चुलवाण लई भारी! पण थंड रक्ताची मादी थंड राखेत अंडी उबवणार कशी?

प्रतिसाद २
अजगरीण करते तशी. अंड्यांभोवती वेटोळं घालायचं आणि स्नायू सतत आखडत अंगाची ऊब वाढवायची. त्या काळात ती बहुधा खात नाही, त्यामुळे रोजच्या खाण्याचाही प्रश्न मिटला. म्हणजे जागी, उपाशी, आणि जागेवरून हलणार नाही. स्वभाव वेगळा लिहायची गरजच नाही. अजगराची अंडी फुटायला दोनेक महिने लागतात; जूनमध्ये घातली तर श्रावणात पिल्लं. पावसात आडोसा शोधणारं सैन्य गुऱ्हाळातच शिरणार.

धागाकर्ता
मिटलं! आता नर कुठं ठेवू तेवढं सांगा.

प्रतिसाद १
नराला पन्हाळ्यावर पाठव, धुक्यात बसू दे. त्याचं तिथं काय काम आहे?