मदत हवी: गळका जुना एसी, आर-२२ गॅस महाग झालाय, त्याऐवजी आर-२९० भरू का?

नमस्कार मंडळी. कराडला एसी-फ्रिज दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात दीड टनी स्प्लिट आहे, २०१२ चा, आर-२२ वाला (म्हणजे थंड करणारा गॅस २२ नंबरचा). दोन उन्हाळे आम्हीच टॉप-अप मारून, म्हणजे गळती न काढता वरून गॅस भरून, वेळ निभावली (बोलू नका, चूक कळते). यंदा महिन्याभरातच थंड करेना. इनडोअर कॉइलच्या यू-बेंडला साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे आले.

२२ चा भाव ऐकून डॉक्टर म्हणाले, नवीन एसी पुढच्या वर्षी बघू, काहीतरी कर. डीलर म्हणतो, "२२ वर बंदीच आली. २९० मार. निम्म्याहून कमी गॅस लागतो, तेलही बदलायला नको." तेल आणि वजनाचं तो खरंच बोलतोय, म्हणून तर घोळ आहे. २९० म्हणजे प्रोपेन, घरच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ, हे मला माहीत आहे. पण शिरवळला गोदरेजने २९० वरचे एसी बनवले ना? फ्रिजमध्येही ६००ए (आयसोब्युटेन, तोही जळणाराच) असतोच. बाबांनी १२ नंबर गॅसचे फ्रिज १३४ नंबरच्या गॅसवर आणले, तेव्हाही लोक घाबरवायचे. मग इथे काय अडचण? आणि बंदी नक्की कशावर आहे?

प्रतिसाद १
भाऊ, नको. १३४ जळत नाही, त्यामुळे बाबांचं उदाहरण इथे लागू नाही. फ्रिजमध्ये ६००ए असतो पन्नासेक ग्रॅम, तोही कारखान्यात सील केलेला. शिरवळच्या मशीनमध्ये २९० साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, पण ते मशीन त्याच गॅससाठी आखलेलं: ठिणगी उडेल असे रिले, स्विच वेगळे, आणि किती मोठ्या खोलीत लावायचं तेही ठरलेलं. तुझ्या २०१२ च्या मशीनमध्ये कॉन्टॅक्टर (करंट जोडणारा-तोडणारा स्विच) उघडा, कॉइल आधीच गळकी. प्रोपेन हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. दंतवैद्य मेण वितळवायला स्पिरिटचा दिवा पेटवतात, हे विसरलास का? नव्या एसीतल्या ४१० किंवा ३२ गॅसचाही विचार नको. त्यांचं प्रेशर २२ च्या दीडपटीहून जास्त, शिवाय तेल वेगळं.

प्रतिसाद २
डीलर अर्धंच सांगतोय. आर-२२ वापरून नवीन एसी बनवणं ३१ डिसेंबर २०२४ नंतर बंद. जुन्याच्या दुरुस्तीला गॅस मिळतो, मात्र कमी. ओझोन वाचवण्याच्या माँट्रियल करारानुसार आपल्यासारख्या विकसनशील देशांना २००९-१० च्या सरासरीवरून एचसीएफसीचा (आर-२२ ज्यात मोडतो तो ओझोनला मारक गॅसांचा गट) वापर २०२० पर्यंत ३५ टक्के आणि २०२५ पर्यंत ६७.५ टक्के कमी करायचा होता, २०३० ला ९७.५ टक्के. उरलेला अडीच टक्के २०४० पर्यंत, तोही मुख्यतः सर्व्हिसिंगसाठी. भाव चढतोय तो यामुळेच. १२ नंबरच्या वेळीही हेच झालं, तो २०१० पासून बंद.

धागाकर्ता
दिवा खरंच आहे तिथे, कपाटाशेजारीच. २९० रद्द. कॉइल ब्रेझ करतो, म्हणजे डाक देऊन भोक बुजवतो. पण गॅस काढून साठवायचं रिकव्हरी मशीन नाही माझ्याकडे, मशीनमधला उरलेला गॅस हवेत सोडायचा का?

प्रतिसाद १
अजिबात नाही. गळती इनडोअरला आहे, तर पंपडाऊन कर: लिक्विड व्हॉल्व्ह बंद कर, मशीन चालव, गॅस आउटडोअरमध्ये जमा होईल. फक्त गेज शून्याखाली जाऊ देऊ नकोस, नाहीतर त्याच भोकातून हवा आत ओढली जाईल. शून्याच्या जरा वरच सक्शन व्हॉल्व्ह बंद करून मशीन थांबव. मग ब्रेझिंग, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, आणि आतली हवा काढायची ती व्हॅक्यूम पंपानेच. जुना कॉम्प्रेसर पंप म्हणून लावतात तसं नको.

धागाकर्ता
जुना कॉम्प्रेसरच लावतो आम्ही :( पंप शेजारच्या दुकानातून आणतो. तोच गॅस परत वापरला तर चालेल?

प्रतिसाद १
त्याच मशीनमध्ये, कॉम्प्रेसर जळालेला नसेल तर चालेल. कमी पडेल तेवढाच नवा २२ घे.