टीव्हीला मुंग्या येतात, मग कॅसेटला काय येतं?

लातूरहून: मंडळी एक शब्द पाहिजे. मामाच्या लग्नाची 1996 ची व्हीएचएस कॅसेट फोनवर उतरवून घेतली आणि तिचे एकेक मिनिटाचे व्हिडिओ करायलोय, म्हणजे सलग लग्न दाखवायचं नाही, हार घालताना चित्र अडकवायचं, अक्षता पडायला लागल्या की त्याच्या हळूहळू मुंग्या (सिग्नल गेल्यावर टीव्हीवर वळवळतात ते काळे-पांढरे ठिपके) करून अख्खा पडदा भरून टाकायचा, मधेच दूरदर्शनसारखी 'व्यत्यय' पाटी आणायची. मित्र म्हणतो खाली 'ग्लिच' लिही, म्हणजे इंग्रजीत यंत्राचा बिघाड. मला नाही पटत, आमच्या घरात ह्याला शब्द होते, पण सगळ्या बिघाडाला 'मुंग्या'च म्हणायचं का?

परभणीहून: मुंग्याच म्हणा, लई भारी शब्द आहे. आम्ही माळवदावर चढून अँटेना फिरवायचो आणि वरून ओरडायचो, "गेल्या का मुंग्या?" खालून आई, "थोड्या राहिल्यात, अजून फिरव." इंग्रजीत त्याला स्नो म्हणतात, आपल्याकडं कुठला आलाय बर्फ. जपानीत वाळूचं वादळ म्हणतात आणि स्वीडिश लोक, जे बर्फात राहतात, तेसुद्धा 'मुंग्यांची लढाई' म्हणतात! पण आपल्या शब्दात एक गोष्ट जास्तीची आहे, पाय अवघडून बसलं की पायाला मुंग्या येतात आणि टीव्हीलाबी मुंग्या 'येतात', क्रियापद एकच, म्हणजे टीव्हीला अंग असल्यासारखं बोलतो आपण. अक्षतांच्या मुंग्या, वा, हे बघायलाच पाहिजे.

नांदेडहून: मी कॅसेट भाड्यानं द्यायच्या दुकानात काम केलंय म्हणून सांगतो, सरसकट मुंग्या म्हणू नका. मुंग्या म्हणजे सिग्नलच नाही. व्हीसीआरमधी, म्हणजे कॅसेट लावायच्या यंत्रात, हेडचा (टेपवरचं चित्र वाचणाऱ्या भागाचा) ड्रम तिरका बसवलेला असतो, सेकंदाला 25 फेऱ्या, आणि टेपवर तिरक्या रेघांत चित्र असतं, हेड त्या रेघेवरून घसरलं की पडद्यावर आडवा पांढरा पट्टा येतो, त्याला गिऱ्हाईक म्हणायचं "पट्टे मारायलंय", मग ट्रॅकिंगची चकती फिरवायची. हेडला घाण बसली तर मात्र कॅसेटवरबी मुंग्याच, मग स्पिरिट लावून पुसायचं. आणि चित्र खालून वर पळत राहतं ते तिसरंच, ते 'चित्र पळतंय'. आताच्या डिश टीव्हीच्या छत्रीवर पावसात चौकोन चौकोन होतात ते 'चित्र फुटतंय'. एवढे वेगळे शब्द असताना एक 'ग्लिच' कामून लिहायचं?

छत्रपती संभाजीनगरहून: 'चित्र पळतंय' वरून आठवलं. अमेरिकेतल्या जोन जोनास ह्या कलाकार बाईंनी 1972 मधी 'व्हर्टिकल रोल' नावाचा व्हिडिओ केला, साधारण 20 मिनिटांचा, त्यात चित्र सारखं पळतच राहतं आणि त्याच्या ठेक्यावर चमचा आपटल्याचा आवाज येतो, बाईचं अंग तुकड्या-तुकड्यानं दिसतं, पूर्ण कधी हाताला लागतच नाही. आपल्याकडं 1972 म्हणलं की दुष्काळ. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आमच्या गावात टीव्ही यायला पुढं कितीतरी वर्षं गेली. म्हणजे आम्ही ज्याला बिघाड म्हणून टीव्हीवर थाप मारायचो ते तिकडं बाईंनी मुद्दाम धरून ठेवलं होतं. मला वाटतं मुद्दाम केलेल्याला क्रियापद बदलावं लागेल, मुंग्या 'आल्या' नाही, मुंग्या 'सोडल्या'. चित्र 'पळवलं'. पट्टे 'मारले'. नवीन नाव काढायचीच गरज नाही.

लातूरहून: 'मुंग्या सोडल्या' घेतला! आणि एक सांगायचं राहिलं. काल आजीला व्हिडिओ दाखवला. माझ्या मुंग्यांच्या आधी मूळ कॅसेटवरच एक जागा खराब आहे, तिथं आजोबा पाहुण्यांना टोपी-उपरणं द्यायलेत आणि त्यांच्या तोंडावरच पट्टा येतो. आजी लगेच म्हणली, "इथं खाल्लं बघ त्याला." आमच्याकडं व्हीसीआरमधी टेप गुंतली की 'कॅसेट खाल्ली' म्हणायचे, तिनं तेच माणसाला लावलं. ही जागा मी हात न लावता तशीच ठेवणारे. 'खाल्लं' हे तुमच्याकडं फक्त टेपला म्हणायचे का चित्रालाबी, बीड-जालन्याकडच्यांनी सांगा.